छप्पर : डागडुजी की नवी उभारणी?

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीत ग्रंथांविषयी बोलावे, ग्रंथकारांविषयी बोलावे, फार तर संस्थापकांच्या त्यागाचे स्मरण करावे, असा शिरस्ता आहे. ज्याच्या आश्रयाने हे ग्रंथ शंभर पावसाळे तगले त्या छपराचा उल्लेख मात्र वार्षिक जमाखर्चातील ‘इमारत दुरुस्ती’ या एका ओळीपलीकडे सहसा जात नाही. वस्तुतः वाचनालयाचा पहिला रक्षक ग्रंथपाल नव्हे. पहिला रक्षक म्हणजे आढ्यापासून वळचणीपर्यंत पसरलेले छप्पर. ग्रंथपालाची एखादी डुलकी खपून जाते, छपराची खपत नाही.

गोवा, कारवार, बेळगाव, सिंधुदुर्ग या पट्ट्यातील जुन्या मराठी वाचनालयांच्या वास्तू बहुधा कौलारू आहेत. जांभ्या दगडाच्या किंवा विटांच्या जाड भिंती, त्यांवर सागाच्या, किंजळीच्या वा फणसाच्या तुळया, वर वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले, अशी ही रचना. दर काही वर्षांनी कार्यकारी मंडळापुढे तोच प्रश्न येतो. कौले परतून घ्यावीत, की ती सगळी उतरवून पत्रा घालावा, की एकदाचा स्लॅब टाकून या कटकटीतून मोकळे व्हावे? एखादा उदार देणगीदार पुढे येतो आणि बहुधा स्लॅबसाठीच पैसे देऊ करतो. यात त्याचा दोष नाही. नव्या सभागृहाला कोनशिला बसते. कौले परतण्याला कोनशिला नसते. तथापि निर्णय कोनशिलेच्या सोयीने झाला, तर त्याची किंमत पुढच्या पिढीतील वाचक मोजतात आणि कपाटातील ग्रंथ मोजतात. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोणतेही छप्पर सर्वत्र चांगले किंवा सर्वत्र वाईट नसते; ते त्या त्या मुलखाच्या पावसाचे, मातीचे आणि लाकडाचे अपत्य असते. सोलापूरकडे व खानदेशात पाऊस बेताचा, म्हणून तिथे मातीच्या धाब्याची सपाट घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. ग्वाल्हेरच्या परिसरात वालुकाश्म मुबलक, म्हणून तिथे दगडी पट्ट्यांची छते आली. माळव्यात कुंभाराने घडवलेले कवेलू आले. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीसारख्या गावी वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, पणजीला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. अशा ठिकाणी धाबे टिकणार नाही हे सांगायला स्थापत्यशास्त्र्याची गरज नव्हती. तिथे उतरते पाखे आले आणि पाण्याला थांबू न देता घालवून देणे हाच छपराचा धर्म ठरला.

किनाऱ्यावरची जुनी कौले म्हणजे नळे, अर्थात नळी उभी चिरल्यासारखी अर्धगोल कौले. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, अशी त्यांची मांडणी. ती एकमेकांत अडकत नसल्यामुळे वाऱ्याने सरकत, वानरांच्या उड्यांनी फुटत आणि दरवर्षी मृगापूर्वी घर शाकारावेच लागे. एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. फ्रान्समधील अल्सास प्रांताच्या आल्टकिर्श गावातील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत खाचेने अडकणाऱ्या सपाट कौलाचे पेटंट घेतले. त्याच जातीच्या कौलांचा कारखाना बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे काढला. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती त्याला उत्तम मिळाली, आणि ‘मंगळुरी कौल’ हे नाव गलबतांबरोबर पश्चिम किनाराभर पोहोचले. आज जे अस्सल देशी वाटते ते कौलारू घर या अर्थाने दोन खंडांच्या देवघेवीतून घडले आहे.

मंगळुरी कौलाचे सामर्थ्य त्याच्या खाचेत आहे. साधारण अडीच किलो वजनाचे हे कौल. एका चौरस मीटर पाख्याला अशी सुमारे पंधरा लागतात. मात्र ते आपले काम एका अटीवर करते. पाख्याला पुरेसा उतार हवा, तीस अंशांच्या आसपास. ‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ असे आपली म्हण सांगते. म्हण रचणाऱ्यांनी उतार गृहीत धरला होता. उतार कमी केला आणि नैर्ऋत्येचा झोडपणारा पाऊस आला, की वारा कौलाच्या खाचेतून पाणी चक्क वर ढकलतो आणि म्हण खोटी पडते. जुन्या इमारतीला पुढे जोडलेल्या पडवीचे छप्पर मुख्य छपरापेक्षा अधिक गळते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. जागा वाढवण्याच्या हौसेत पडवीचा उतार मोडलेला असतो. तिथे नवी कौले घालून उपयोग नाही. उतार सुधारणे किंवा तेवढ्या भागाला वेगळे छप्पर देणे, हाच उपाय.

आता मुख्य प्रश्न : दुरुस्ती की बदल? याचे उत्तर खालून कौलांकडे पाहून मिळत नाही, कारण कौल हे छपराचे वस्त्र आहे. शरीर आहे ते लाकडाचे. वस्त्र फाटले तर बदलता येते, शरीर खचले तर निर्णय निराळा होतो. तेव्हा पाहणीचा क्रम असा असावा. पहिली पाहणी भर पावसात, आतून. जिथे थेंब पडतो तिथे जमिनीवर खूण करावी, पण दोष नेमका तिच्या वरच आहे असे समजू नये. पाणी वाशावरून किंवा रिपेवरून हातभर, कधी चार हातही, खाली वाहत येते आणि सोयीच्या जागी टपकते. म्हणून ठिपक्यापासून आढ्याच्या दिशेने माग काढत जावे. दुसरी पाहणी उन्हाळ्यात, भर दुपारी दारे-खिडक्या बंद करून. अंधारात जिथे जिथे उन्हाचे ठिपके चमकतील तिथे कौल फुटले वा सरकले आहे. तिसरी पाहणी लाकडाची. वाळवी आणि कूज यांच्या आवडत्या जागा ठरलेल्या आहेत : भिंतीत गेलेली तुळईची टोके, वळचणीकडील वाशांची टोके, आणि दोन पाखी जिथे आत वळून मिळतात तो कोनवासा. तिथे टोच्याने टोचून पाहावे. टोचा अडला तर लाकूड निरोगी, लोण्यात शिरावा तसा शिरला तर रोगी. शेवटी लांब उभे राहून आढ्याची रेषा पाहावी. ती सरळ असेल तर बहुतेक आजार वरवरचे आहेत. झोळीसारखी लोंबली असेल तर आतला सांगाडा दमला आहे.

या पाहणीतून तीन प्रकारचे निष्कर्ष निघू शकतात. कौले फुटली आहेत पण लाकूड धड आहे, ही पहिली अवस्था. येथे बदलाचा विचार म्हणजे उधळपट्टी. फुटकी कौले व कुजक्या रिपा बदलाव्यात, आढ्यावरच्या कौलांचा भेगाळलेला चुना नव्याने भरावा, शेवाळ काढावे, कोनवाशाखालची पत्र्याची पन्हळ नवी बसवावी. गळतीच्या तक्रारींचे मूळ पुष्कळ वेळा या एका गंजलेल्या पन्हळीत सापडते. दुसरी अवस्था म्हणजे वाशांची वा तुळयांची फक्त टोके कुजली आहेत. कुशल सुतार कुजका भाग कापून तिथे त्याच जातीच्या लाकडाचा जोड देऊ शकतो, किंवा दोन्ही बाजूंनी आधाराच्या फळ्या बोल्टने आवळू शकतो. शंभर वर्षे मुरलेले साग टोकापायी टाकून देण्याचे कारण नाही. तिसरी अवस्था खरी बदलाची. मुख्य कैच्या वाकल्या आहेत, अनेक तुळया मधोमध पोखरल्या आहेत, छपराच्या रेट्याने भिंतींची डोकी बाहेर कलली आहेत. अशा वेळी वरवर कौले परतत राहणे म्हणजे रोग्याला नवे कपडे शिवण्यासारखे होय. सांगाडा उतरवून नवा उभारावा. तो लाकडाचा असो की लोखंडाचा, त्याची जबाबदारी अभियंत्याकडे द्यावी.

कौले घेतानाही थोडी जाण लागते. नाण्यासारखे वाजणारे कौल चांगले भाजलेले. भद्द आवाजाचे कच्चे किंवा तडकलेले. एक कौल कोरडे तोलून, चोवीस तास पाण्यात भिजवून पुन्हा तोलावे. वजन पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढले, तर ते कौल पाणी पिणारे आहे, ते परत करावे. दुसरी गोष्ट जुन्या-नव्यांच्या जुळणीची. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव आणि चिन्ह उठवलेले असते. दोन कारखान्यांच्या साच्यांत सुतासुताचा फरक असतो आणि खाचा जुळत नाहीत. म्हणून जुन्यांत नवी कौले विखरून बसवण्याऐवजी दोन्ही पाख्यांवरची धडकी जुनी कौले एका पाख्यावर एकत्र करावीत आणि दुसरे पाखे संपूर्ण नव्या कौलांनी झाकावे, ही जाणत्या कारागिरांची रीत आहे. मंगळूरचे अनेक कारखाने मातीच्या व कामगारांच्या टंचाईने बंद पडल्यामुळे, जुने घर पाडताना निघालेली चांगली कौले विकत घेऊन ठेवणे हाही दूरदर्शीपणाच आहे.

पत्र्याचा पर्याय सोपा आणि स्वस्त वाटतो. पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट इंग्लंडमध्ये हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये घेतले आणि १८३७ मध्ये फ्रान्समधील सोरेल यांनी जस्ताचा मुलामा देण्याची कृती सिद्ध केल्यावर तो जगभर पसरला. पत्रा हलका असतो, कमी उतारावर चालतो, वानरांना दाद देत नाही. पण वाचनालयाच्या दृष्टीने त्याचे तीन दोष गंभीर आहेत. वैशाखात तो तापतो आणि वाचनकक्षाची भट्टी होते. आषाढात त्यावर पाऊस असा वाजतो की व्याख्यात्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. आणि खाऱ्या वाऱ्यात जस्ताचा थर झिजून खिळ्यांच्या भोकांपासून गंज सुरू होतो. पन्हळी पत्रा घालायचाच असेल तर भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडावे, खोबणीत नव्हे, कारण पाणी खोबणीतून वाहते. बोल्टाखाली रबरी चकती हवी आणि पत्र्याखाली लाकडी छत किंवा उष्णतारोधक थर हवा. हा सारा खर्च जमेस धरला की स्वस्ताई बरीच आटते.

वाऱ्याचा धडाही विसरता येणार नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने गोवा व सिंधुदुर्गाला झोडपले. दोन्ही वेळा असंख्य घरे बोडकी झाली. वारा पत्र्याला एका जागी उचलू शकला की अख्खा पत्रा नेतो आणि उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या जिवावर उठतो. कौले सुटी सुटी उडतात. एक गेले तरी शेजारचे राहू शकते. वळचणीच्या आणि कडेच्या ओळी तारेने रिपांना बांधल्या, तर नुकसान पुष्कळ आटोक्यात राहते. या बांधणीचा खर्च नगण्य आहे. ती करण्याची आठवण मात्र वादळानंतरच होते.

सिमेंटच्या पांढुरक्या पन्हळी पत्र्यांविषयी अधिक सावधपणे बोलले पाहिजे. ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक यांनी १९०० च्या सुमारास सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळून हे पत्रे सिद्ध केले. न गंजणारे व न जळणारे म्हणून शाळा, गोदामे व सार्वजनिक इमारतींवर ते सर्रास चढले. पुढे त्या तंतूंची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत जाऊन कर्करोगास कारण होते हे निर्विवाद ठरले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातील कामगारांच्या आरोग्यरक्षणाचे आदेश दिले, तर युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसचा वापरच बंद केला. ज्या वाचनालयावर असे जुने पत्रे आहेत त्यांनी घाबरून ते फोडून काढू नयेत. धड, न तुटलेला पत्रा फारशी धूळ सोडत नाही. धोका तो फोडण्यात, घासण्यात, भोक पाडण्यात आहे. उतरवायचाच झाला तर जाणत्या माणसाकडून, पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून, अखंड उतरवावा आणि त्याची विल्हेवाट प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून लावावी. नव्याने मात्र तो वाचनालयावर चढवू नये.

आता सर्वांच्या मनातला स्लॅब. स्लॅब म्हणजे कायमचे छप्पर, ही समजूत मराठी मध्यमवर्गाच्या मनात खोल रुजली आहे. तिची परीक्षा आकड्यांनी करावी. दोनशे चौरस मीटर क्षेत्राच्या दालनावर तीस अंश उताराची पाखी घातली, तर त्यांचे क्षेत्र सुमारे दोनशे तीस चौरस मीटर होते आणि त्यावर साडेतीन हजारांच्या घरात कौले बसतात. त्यांचे वजन साडेआठ टनांच्या आसपास. लाकूड धरून बारा-तेरा टन. तेवढ्याच दालनावर बारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब टाकला तर त्याचे वजन साठ टन भरते. मातीच्या दर्ज्यात रचलेल्या शंभर वर्षांच्या भिंतींवर एकाएकी चौपटीहून अधिक भार टाकणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. स्लॅब हवाच असेल तर त्याला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया हवा. म्हणजे तो छपराचा बदल राहत नाही, ती नवी इमारत होते, आणि तिचा खर्चही नव्या इमारतीचाच धरला पाहिजे.

शिवाय स्लॅब सपाट असतो. पाणी त्यावर थांबते, सूक्ष्म भेगांतून आत जाते, खाऱ्या दमट हवेत आतल्या सळया गंजतात. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते. ते काँक्रीटला आतून फोडते आणि एके दिवशी छताचा पापुद्रा टेबलावर पडतो. छताला तांबूस डाग दिसणे, ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, ही त्याची पूर्वचिन्हे. येथेही दुरुस्तीची एक घातक पद्धत रूढ झाली आहे : गळले की वर विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचा आणखी एक थर. असा प्रत्येक थर चौरस मीटरमागे दोनशे किलोंच्या आसपास नवा भार टाकतो आणि आतला गंज झाकून ठेवतो. जुना कोबा काढून, सळया उघड्या करून, त्यांची अवस्था पाहून मगच नवा थर द्यावा. किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावात फेरफटका मारला, तर कायमच्या म्हणून टाकलेल्या स्लॅबांवर पत्र्याची उतरती छपरे चढवलेली दिसतात. उताराला निरोप देऊन लोकांनी शेवटी उतारच परत बोलावला.

याचा अर्थ कौल सदैव श्रेष्ठ, असा नाही. ज्या गावात कौले परतणारा कारागीर उरला नाही, ज्या इमारतीचे लाकूड संपले आहे, जिथे आगीचे भय मोठे आहे, तिथे लोखंडी कैच्यांवर कौले किंवा उष्णतारोधक थरासह रंगीत पत्रा, हा मध्यममार्ग डोळसपणे स्वीकारावा. निर्णयापूर्वी मात्र तीन प्रश्न कार्यवृत्तात लिहून त्यांची उत्तरे लिहावीत. सांगाडा किती धड आहे? या भिंती किती भार सोसतील? आणि तिसरा, बहुधा कोणी न विचारणारा : या छपराची निगा पुढची तीस वर्षे कोण आणि कोणत्या पैशातून राखणार? एकरकमी देणगीतून उभे राहिलेले आणि नंतर वाऱ्यावर सोडलेले छप्पर कोणत्याही सामग्रीचे असले तरी गळतेच. म्हणून देणगीदारांना नम्र विनंती अशी, की नव्या स्लॅबऐवजी ‘छप्पर निधी’ म्हणून कायम ठेव द्यावी आणि तिच्या व्याजातून दर दिवाळीनंतर पाहणी व अक्षय्यतृतीयेपूर्वी दुरुस्ती व्हावी. कोनशिला बसवायची तर त्या ठेवीचीही बसवता येईल.

मराठीत ‘कौल’ हा शब्द अनेक अर्थांनी नांदतो. घरावर असते ते कौल. देवापुढे लावतात तो कौल. राज्यकर्ता रयतेला देई तोही कौल, म्हणजे अभयवचन. वाचनालयाच्या संस्थापकांनी ग्रंथांना असेच एक अभयवचन दिले होते. ते पाळले जाते की नाही हे समारंभातल्या भाषणांवरून ठरत नाही. आषाढातल्या एखाद्या रात्री कपाटांवर पाणी पडते की नाही, यावरून ठरते. भिजलेला ग्रंथ वाळवता येतो, पण त्याच्या पानांवर चढलेली बुरशी शेजारच्या दहा ग्रंथांत शिरते, आणि जुन्या मराठी पुस्तकांच्या कितीतरी आवृत्त्या आता पुन्हा मिळणाऱ्या नाहीत.

ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाची दाखलनोंद होते : तारीख, किंमत, कोणाकडून आले, केव्हा बांधणी केली. तशीच एक वही छपराची असावी. कोणत्या पाख्यावर, कोणत्या वाशाजवळ केव्हा गळले, किती कौले बदलली, ती कोणत्या कारखान्याची होती, सुतार कोण होता, किती पैसे लागले, हे तीत दरसाल लिहावे. दहा वर्षांच्या नोंदी समोर असल्या, म्हणजे दुरुस्ती की बदल हा वाद आवाजाने जिंकावा लागत नाही. वहीच त्याचा निवाडा करते. शताब्दीच्या या वर्षी अशी वही उघडली जावी, आणि तिच्या पहिल्या पानावर येत्या पावसाळ्याची पहिली पाहणी नोंदली जावी.